कोबीच्या गाडीची स्टेपनी

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. गाडीची चार चाके रस्त्यावर पळतात, वाहवा मिळवतात, सणासुदीला धुतली-पुसली जातात. मी पाचवी. हौद्याच्या खाली, साखळीला, आडवी टांगलेली. माझी आठवण येऊ नये अशीच सगळ्यांची इच्छा असते, कारण ती येते तेव्हा काहीतरी बिघडलेले असते. माझ्या जन्मात अशी आठवण एकदाच आली. गोष्ट त्याच दिवसाची आहे आणि ती चांगली नाही, हे आधीच सांगून ठेवते. पुढे कोणी म्हणायला नको की म्हातारीने फसवले.

समुद्राकाठच्या एका मोठ्या कारखान्यात आम्ही पाच बहिणी एकाच दिवशी तयार झालो. साधी लोखंडी रिम, पंधरा इंचाची. ना चकाकी, ना नक्षी. एका पांढऱ्या डिझेल पिकअपला चौघी लागल्या आणि मला खाली टांगले. ती गाडी न्याफाओने घेतली. न्याफाओ म्हणजे लोमकाओ गावाच्या वरच्या डोंगरावरचा, मोंग जमातीचा शेतकरी. नजर जाईल तिथवर कोबी लावणारा. गाडी दारात आली त्या दिवशी त्याने कोंबडी कापली, तिचे पीस पुढच्या बंपरला चिकटवले आणि प्रत्येक चाकाला पांढरा दोरा बांधला. चार झाली. मग हा माणूस नवे काळे जाकीट अंगात तसेच ठेवून मातीत आडवा झाला आणि सरपटत गाडीखाली आला.

"अहो, पाचवीला कुठं दोरा बांधतात?" बाहेरून त्याची बायको ज्युआ हसत म्हणाली.

"हस तू," तो खालूनच म्हणाला. "त्या चौघी पोट भरतील. जीव वाचवायची वेळ आली तर हीच येणार आहे."

मित्रांनो, ते वाक्य मी आठ वर्षे उराशी धरून टांगून राहिले.

खालून जग कसे दिसते ते तुम्हाला ठाऊक नसणार. मला चेहरे दिसत नाहीत, पाय दिसतात. न्याफाओची रबरी चप्पल डाव्या टाचेला झिजलेली. ज्युआचे प्लास्टिकचे बूट, कायम चिखलाने भरलेले. त्यांचा एकुलता एक मुलगा लेंग, त्याचे पाय आधी अनवाणी आणि पळते होते, मग एके दिवशी त्यांत गमबूट आले. पाय बघून मी सांगू शकते कोण रागावले आहे आणि कोणाला गाडीखाली शिरून रडायचे आहे.

काम कष्टाचे होते. पहाटे कोबी कापायची, हौद्यावर लोखंडी पिंजरा चढवायचा आणि गड्ड्यावर गड्डा रचत पार टपाच्या वर, दोन पुरुष उंचीपर्यंत न्यायचे. मग घाट उतरायचा. आमच्या डोंगरावरची पद्धत अशी, की एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने मागच्या पायरीवर चिंचेच्या लाकडाचा ठोकळा घेऊन उभे राहायचे. गाडी कुठे सरकू लागली तर त्याने उडी टाकून चाकाखाली ठोकळा घालायचा. लेंग गाडी शिकल्यापासून ठोकळा न्याफाओच्या हातात आला. तो डाव्या बाजूला उभा राही, बरोबर माझ्या वर. दर अमावास्येला माझ्यात हवा भरी आणि बोटाच्या पेराने मला वाजवून बघे, बाजारात भोपळा वाजवून घेतात तशी. माझ्या बहिणी झिजल्या, त्यांच्यावर नवे टायर चढले, तेही झिजले. मी मात्र कोरीच राहिले. कोरे राहण्यात अभिमान नसतो बरे का. लग्न न झालेल्या आत्याला घरात जो मान असतो, तो मला होता.

मग लेंगचे लग्न झाले. पलीकडच्या डोंगरावरची पान्या सून म्हणून आली आणि वर्षाच्या आत नातू झाला. मोंग लोकांत मुलगा बाप झाला की सासरचे लोक त्याला मोठे नाव देतात, त्याच्या नावापुढे एक नवे नाव जोडतात. खुद्द न्याफाओसुद्धा आधी नुसता फाओ होता. ते नाव मिळाले की पोरगा पुरुष झाला, घरात त्याचा शब्द चालू लागला. लेंगच्या नावाची मेजवानी नव्या वर्षाच्या सणात ठरली आणि आमच्या घराला घाई सुटली.

तिची बोलणी करायला पान्याचा भाऊ ब्लोंग आला. त्याची पिकअप अंगणात शिरली तेव्हा मला प्रथम फक्त चाके दिसली, आणि बराच वेळ चाकेच दिसत राहिली. एवढी मोठी होती ती.

"दाजी, तुमच्या गाडीखालून कोंबडी जाताना वाकते की काय?" ब्लोंगने खाली उतरता उतरता विचारले.

"आमच्या कोंबड्या संस्कारी आहेत," लेंग म्हणाला. "आणि तुला उतरायला शिडी देऊ का?"

"शिडी नको, चाकं घ्या. नाव मोठं घेणार आणि गाडी ही अशी? आमच्याकडची चाळीस माणसं येणार आहेत. म्हणतील, पोरगी कुठं दिली!"

सगळे हसले. लेंगचे गमबूट मात्र हसले नाहीत. ते कितीतरी वेळ त्या मोठ्या चाकांपाशीच उभे होते.

चार दिवसांनी बापलेक लोमसाकला, हिया स्वेच्या टायरच्या दुकानात गेले. हिया म्हणजे चिनी वळणाचा, अर्ध्या चड्डीतला, सदा चिंच चघळणारा माणूस. त्याने चहा मागवला आणि चाके भिंतीला ओळीने उभी केली.

"टायरासकट एकतीस इंची घेऊ की तेहतीस, हिया?" लेंगने विचारले.

"एकतीस घेतलीस तर तुला कळेल की चाकं बदलली," हिया म्हणाला. "तेहतीस घेतलीस तर गावाला कळेल."

"तेहतीस," लेंग लगेच म्हणाला.

"ब्रेक तेच राहणार ना?" न्याफाओने विचारले.

"ब्रेकला काय धाड भरली, काका?"

"चाक मोठं झालं की त्याला धरून थांबवायला जोरही मोठा लागतो. आणि घाटात गाडी आम्ही गिअरवर उतरवतो. मोठ्या चाकावर तो गिअर तेवढी धरेल का तिला?"

"काका, तुम्ही गाडी चालवता की शाळा?" हियाने चिंचोका थुंकला. "चिखलातनं बोटीसारखी निघेल बघा."

न्याफाओने भिंतीकडची चाके मोजली. मग म्हणाला, "बरं, पाचवं दाखव."

"पाचवं कशाला? सेट चारचाच येतो. आणि टांगाल कुठं? खालची जागा या बुटकीच्या मापाची आहे." हियाने पायाच्या अंगठ्याने मला ढोसले.

"हौद्यात ठेवू."

"बा, तिथं चाळीस गड्डे मावतात," लेंग कळवळून म्हणाला. "आठ वर्षांत एकदा तरी लागली का स्टेपनी?"

म्हाताऱ्याने आणखी दोनदा पाचव्याचा विषय काढला, दोन्ही वेळा पोराने चाळीस गड्डे मोजून दाखवले. शेवटी हौसेला मोल नाही म्हणतात, तसे झाले. माझ्या चौघी बहिणी निघाल्या आणि दुकानामागच्या ढिगावर जाऊन पडल्या. त्यांच्या रिमवरचे दोरे अजून शाबूत होते. मी गाडीखालून बघत राहिले. हाक मारायला मला तोंड नव्हते.

खरे सांगते, गाडी दिसायला राजबिंडी झाली. सणाच्या मैदानात मुले-मुली समोरासमोर ओळी करून चेंडू फेकत होती, चांदीच्या माळा छुमछुमत होत्या, आणि जो तो येऊन त्या चाकांवर हात फिरवत होता. ब्लोंगने तर त्यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढला. संध्याकाळच्या मेजवानीत सासऱ्यांनी लेंगच्या मनगटाला दोरे बांधले, मक्याच्या दारूचे प्याले फिरले आणि नाव दिले गेले. लेंगचा छोंग्लेंग झाला.

पाहुणे पांगल्यावर बापलेक गाडीला टेकून उभे होते. न्याफाओ म्हणाला, "आजवर मी तुला शंभरदा टोकलं. आता तुझ्या नावाला मान आहे. इथून पुढं चारचौघांत मी एखादी गोष्ट एकदाच सांगणार. दुसऱ्यांदा सांगितलं तर तुझा अपमान, आणि नाव देणाऱ्यांचाही."

"असं काय हो, बा."

"असंच असतं. माझ्या बापानंही मला हेच सांगितलं होतं."

त्यांच्या कुळातली ही रीत होती. चांगलीच रीत म्हणा ना. तिच्यात प्रेम होते. पण त्या रात्री ती ऐकताना मला भीती वाटली, कारण मला एक गोष्ट दिसत होती जी वरून कोणाला दिसत नव्हती.

गोष्ट अशी, की गाडी रिकामी असली की नवी चाके ऐटीत फिरत. माल भरला की स्प्रिंगचे पाटे दबत, हौदा खाली येई आणि मागचे डावे चाक आतल्या बाजूने मडगार्डच्या काठाला घासे. प्रत्येक खेपेला काळी पूड झडून माझ्यावर पडे. पहिल्या खेपेला ओरखडा होता. पाचव्या खेपेला त्याची चीर झाली, बोट जाईल एवढी. लेंग रोज संध्याकाळी चाकांचा बाहेरचा चेहरा फडक्याने पुसून चमकवी आणि शीळ घालत घरात जाई. आत वाकून कोण बघणार? न्याफाओ बघायचा पूर्वी. पण सणानंतरच्या अमावास्येला हवा भरायला तो आला तेव्हा लेंग म्हणाला, "बा, राहू द्या, मी बघतो." नाव मिळालेला माणूस तो. म्हाताऱ्याने पंप ठेवून दिला. एकदाच तेवढे म्हणाला, "आतूनही बघत जा." अंगणात ब्लोंग होता, म्हणून दुसऱ्यांदा म्हणाला नाही.

सणानंतर अडीच आठवड्यांनी तो दिवस आला. मोठी तोड होती. खाली व्यापाऱ्याचा ट्रक बारापर्यंत थांबणार होता. मदतीला आलेल्या ब्लोंगने गड्डे रचता रचता पिंजऱ्याच्याही वर चढवले. चढत्या उन्हात आम्ही घाटाला लागलो. लेंग चालवत होता, ब्लोंग शेजारी, न्याफाओ मागे पायरीवर.

गाडी गिअरवर थांबेना. म्हाताऱ्याने दुकानात म्हटले होते अगदी तसेच. लेंग सारखा ब्रेक दाबत होता आणि जळका वास माझ्यापर्यंत येत होता. चौथ्या वळणाला मागचे डावे चाक फुटले.

लेंगने गाडी कशीबशी डोंगराच्या कडेला घेतली. न्याफाओने उडी टाकून ठोकळा घातला. तो ठोकळा आमच्या मापाने कापलेला. मोठ्या चाकापुढे तो खेळण्यातला वाटत होता. म्हाताऱ्याने आणखी दोन दगड लोटले. जॅक लावला तर तो पुरेना, कारण गाडी उंच झाली होती. त्याच्या खाली फरशीचे तुकडे रचले. मित्रांनो, ती गाडी बघा: चार चाके तेवढी मोठी झाली होती आणि बाकी सगळे होते तेवढेच राहिले होते. ठोकळा, जॅक, ब्रेक, आणि मी.

मग साखळी करकरली आणि मी खाली आले. आठ वर्षांत प्रथमच मला आभाळ दिसले. लेंगचा चेहरासुद्धा मी तेव्हाच नीट पाहिला. घाम आला होता त्याला. कालपर्यंतची बुटकी आज हवीशी झाली होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी! तरी मी हरखले होते, खोटे कशाला बोलू. माझी वेळ आली होती.

त्यांनी मला बसवले, नट आवळले, जॅक काढला. गाडीचे सगळे ओझे माझ्यावर आले आणि डावा कोपरा खाली बसला. पूर्ण चार बोटे खाली. वर दोन पुरुष उंच कोबीची भिंत डावीकडे झुकली. एक गड्डा सुटून टपकन रस्त्यावर पडला आणि उतारावरून गडगडत गेला.

न्याफाओ त्याच्याकडे बघत होता. म्हणाला, "छोंग्लेंग, अर्धा माल इथं उतरव. अर्धा पोचवून परत ये. मी थांबतो राखणीला."

लेंगने वर मालाकडे पाहिले, मग ब्लोंगकडे पाहिले.

"मामा, चार बोटांनी काय होतंय?" ब्लोंग हसून म्हणाला. "आमच्याकडं तर तीन चाकांवर उतरवतात."

"अकरा वाजून गेले, बा," लेंग म्हणाला. "ट्रक निघून जाईल. सगळी तोड सडेल. मी हळू घेतो ना."

न्याफाओची ती झिजलेली चप्पल माझ्यासमोर होती. तिच्यातली बोटे आत वळली, घट्ट. शब्द त्याच्या ओठांवर होता, मला ठाऊक आहे. मी मनात म्हणत होते, बोल, बाबा, दुसऱ्यांदा बोल. जाऊ दे रीत खड्ड्यात. रागाव, शिव्या घाल, थोबाडीत दे पोराच्या. पण समोर पोराचा मेहुणा उभा होता, आणि नाव त्याच्या घराने दिले होते.

म्हातारा वाकला. पेराने मला एकदा वाजवले. "सांभाळ गं," एवढेच म्हणाला. मग ठोकळा उचलून पायरीवर चढला, डाव्या बाजूला, नेहमीच्या जागी.

पुढची दोन वळणे निघाली. सातवे उजवीकडे वळते. तिथे सगळा भार डावीकडे, माझ्यावर आला. लेंगने ब्रेक दाबला असेल, पण त्यात काही उरले नव्हते. मी शक्य तेवढा जोर केला. चाकाला गोल फिरण्यापलीकडे काय येते, मित्रांनो? मला चार बोटे उंच होता आले असते तर मी झाले असते. कोबीची भिंत आधी गेली आणि तिच्यामागून गाडी गेली. डाव्या अंगावर.

जास्त सांगत नाही. कोबीचे गड्डे दरीत घरंगळत राहिले, त्यांचा आवाज बराच वेळ येत होता. न्याफाओला बाहेर काढले तेव्हा ठोकळा त्याच्या हातात होता. जीव वाचवायला येणार होती ती मीच, आणि माझ्याच कोपऱ्याखाली तो गेला.

लेंगचा हात मोडला, ब्लोंगच्या बरगड्या मोडल्या. क्रेनने गाडी ओढली तेव्हा माझे नट तुटले आणि मी तिथेच गटारात पडून राहिले. येणारे-जाणारे बोट दाखवत. "हीच ती स्टेपनी. पांढऱ्या पायाची." वरच्या गावातून चार दिवस ढोल आणि बांबूच्या पाव्याचा आवाज येत होता. मृताला वाट दाखवतात तो. त्याची वाट माझ्यापासून सुरू होत होती, म्हणून मीही ऐकत राहिले.

लेंग मात्र जिवंत असून नसल्यासारखा झाला, हे मला नंतर कळले. जेवेना, बोलेना, मूल पुढ्यात ठेवले तरी बघेना. जाणते म्हणाले, याचा आत्मा घाबरून त्या वळणावर राहिला आहे, तिथे जाऊन बोलावून आणा. म्हणून एके सकाळी ज्युआ त्याला घेऊन आली. पूजेची वाटी ठेवायला तिला सपाट जागा मिळेना. तिने मला गटारातून ओढून आडवे केले, कमरेच्या कापडाने माझी माती पुसली आणि तांदळाच्या वाटीत अंडे उभे करून ती वाटी माझ्यावर ठेवली. नवऱ्याचा जीव गेला त्या चाकावर! दुसरी कोणी असती तर तिने मला दरीत लोटले असते.

उदबत्त्या पेटवून ती हाका मारू लागली. "छोंग्लेंग, चल, घरी चल. चुलीवर भात आहे, पोरगा वाट बघतोय." कौल लावायच्या शिंगाच्या दोन फाका तिने जमिनीवर टाकल्या. कौल मिळेना. पुन्हा त्याच नावाने बोलावले, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिचा आवाज फाटला.

"लेंग! ए लेंग्या! किती वेळ उन्हात बसायचं? चल ना रे, बाळा!"

कौल पडला. आणि इतक्या दिवसांनी लेंगच्या तोंडून शब्द फुटला.

"आई," तो म्हणाला, "बा एकदाच बोलले गं. दुसऱ्यांदा मी विचारायला पाहिजे होतं."

ज्युआने त्याला पोटाशी धरले आणि दोघे रडली. मी नुसती पडून होते. रडता येत नाही याचे दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा झाले.

जाताना तो मला घेऊन गेला. गाडी दुरुस्त झाली. उरलेली तीन मोठी चाके हियाने परत घेतली, त्यांना चौथे जोडले, तेल लावून चमकवले आणि पुन्हा भिंतीला उभी केली. त्यांना गिऱ्हाईक मिळाल्याचेही ऐकले. पाचवे त्या गिऱ्हाइकाने मागितले की नाही, ते ठाऊक नाही. मागच्या ढिगात माझ्या दोन बहिणी अजून होत्या, त्या लेंगने शोधून काढल्या. दुसऱ्या दोघी परक्या आहेत, पण मापाच्या आहेत. सासऱ्यांना त्याने निरोप धाडला, "नाव तुमच्याकडेच ठेवा. लायक झालो की मागायला येईन." त्याला दोन वर्षे झाली. गाव त्याला लेंगच म्हणते.

मित्रांनो, हौस जरूर करा. चाके मोठी घ्या, पण मग ठोकळाही मोठा कापा, ब्रेकही बघा आणि पाचवीला विसरू नका. आणि घरातले वडीलधारे माणूस एकदा बोलून गप्प झाले, तर त्याचे पटले असे समजू नका. तुम्हीच वळून विचारा.

मी पुन्हा माझ्या जागी टांगलेली आहे. माझ्यावरचा पांढरा दोरा ब्रेकच्या धगीने जळला होता, लेंगने मातीत आडवे होऊन नवा बांधला. आता ठोकळा घेऊन मागे पान्या उभी राहते, आणि कोबी पिंजऱ्याच्या वर जात नाही. सातव्या वळणापाशी लेंग दर खेपेला गाडी थांबवतो, उतरून मागे येतो, वाकून मला पेराने वाजवतो. मग डाव्या बाजूच्या पायरीकडे बघून विचारतो, "बा, काय म्हणालात?"

पान्या उजव्या बाजूला ठोकळा धरून असते. लेंग पुढे जाऊन बसतो आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून हळू उतरायला लागतो.